लाईन गेली, नेट गेलं, मग क्रोमबुक काय कामाचं?

मागच्या अंकात क्रोमबुकबद्दल मी जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की वजनाला हलकं असते, किमतीला बरं असते, पण घ्यायच्या आधी समजून घ्या, आणि तेवढ्यावर एवढे प्रश्न आले की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन राहिली. पत्रं थोडी, व्हॉट्सॲपवरचे आवाजी मेसेजच जास्त, एका काकांचा तर साडेचार मिनिटांचा, मागून बैलाच्या घुंगराचा आवाज येऊन राहिला होता. नावं छापत नाही, गावाकडचा पत्ता तेवढा देते.

ज्यांनी क्रोमबुक पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दिसायला साधाच लॅपटॉप, पण आत विंडोज नसते, गूगलची क्रोमओएस असते, तिचा पाया लिनक्सचा. २०११ साली पहिले क्रोमबुक बाजारात आले ते सॅमसंगचे आणि एसरचे. बहुतेक काम क्रोम ब्राऊजरातच करायचं आणि फायली गूगल ड्राइव्हवर ठेवायच्या, म्हणजे क्लाउडवर, म्हणजे गूगलच्या कॉम्प्युटरवर, आपल्या मशीनमध्ये थोडंसंच. म्हणून मशीन हलकी आणि साधी राहते. चला आता प्रश्नांकडे.

प्रश्न : ताई, माही पोरगी यवतमाळले बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाले लागली, गावातून एसटीनं अपडाऊन करते. कापसाचे पैसे आले त्यातून वीस हजार तिच्या लॅपटॉपसाठी बाजूले काढून ठेवले. दुकानदार म्हणते क्रोमबुक घ्या, शेजारचा पोट्टा म्हणते काका ते नेटवरच चालते, नेट गेलं का डबा. कोणाचं ऐकू? (शेतकरी, घाटंजी तालुका)

उत्तर : भाऊ, शेजारचा पोट्टा अर्धा खरा आहे. नेट गेलं की क्रोमबुकचा डबा होत नाही, हातपाय मात्र आखडतात. उतरवून ठेवलेली पीडीएफ उघडते, उतरवलेला व्हिडिओ दिसते, गूगल डॉक्समध्ये लिहिताही येते, पण ऑफलाइनची सेटिंग आधी करून ठेवली असली तर. त्याचं सगळं खाली एटापल्लीच्या पोराला सांगितलं आहे ते वाचा. तुमच्या पोरीची खरी अडचण नेटची नाहीच, ती टॅलीची, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरची आहे.

बी.कॉम. म्हटलं की आज ना उद्या टॅली आलंच, आणि आपल्या इकडच्या क्लासमध्ये शिकवतात ते टॅली विंडोजवरचं. विंडोजसाठी बनलेलं सॉफ्टवेअर क्रोमबुकमध्ये बसत नाही, टॅलीही नाही, नेहमीचं वर्ड-एक्सेलही नाही. दुकानदार "होऊन जाते हो" म्हणाला तर त्याला म्हणा, बाबा आत्ता माझ्यासमोर बसवून दाखव. त्यामुळे पहिले पोरीला कॉलेजात विचारायला लावा, टॅलीचा सराव लॅबमध्ये किंवा क्लासमध्येच होते का घरी मशीन पाहिजेच. घरी पाहिजे असं उत्तर आलं तर क्रोमबुकचा विषय तिथंच संपला, मग त्याच पैशात चांगल्या दुकानातून वॉरंटीचा सेकंडहँड विंडोज लॅपटॉप पाहा, आठ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे मशीनची काम करतानाची मेमरी) आणि एसएसडीवाला, म्हणजे जुन्या हार्डडिस्कऐवजी वेगवान डिस्क असलेला. लॅबमध्ये भागते असं असलं तर मात्र माझं मत सरळ क्रोमबुकच्या बाजूनं आहे.

काऊन, ते सांगते. वीस हजारात नवाकोरा विंडोज लॅपटॉप मिळते तो चार जीबी रॅमचा, त्यात विंडोज ११ म्हणजे पाण्यात बसलेली म्हैस, उठवता उठवता सकाळ जाते. तेवढ्याच रॅमवर क्रोमओएस मात्र दहा-पंधरा सेकंदात सुरू होते, कारण आत सामानच कमी असते. वजन दीड किलोच्या आतबाहेर, काही छोटे मॉडेल तर किलोभराचे, आणि तुम्ही लिहिलं तसं पोरगी एसटीत उभ्यानं जात असेल, खांद्यावर बॅग, हातात डबा, तर या दीड किलोची किंमत तिलाच समजेल. बॅटरी कंपनीवाले दहा तास लिहितात, माझ्या क्रोमबुकवर मला सहा-सात तास मिळते, नवीन होतं तेव्हा आठ मिळायची. सकाळी घरून चार्ज करून निघाली तर कॉलेजात प्लगसाठी जागा धरायची गरज नाही. नोट्स, असाइनमेंट, पीपीटी, यूट्यूबवरचे लेक्चर, महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म, हे सगळं ब्राऊजरातलंच काम आहे. अँटीव्हायरसचं दरवर्षीचं रिचार्ज नाही, पेनड्राइव्हमधून येणारे विंडोजचे व्हायरस इथं चालतच नाहीत. प्ले स्टोअरही असते, फोनवरची बरीचशी ॲप त्याच्यावर घेता येतात, सगळीच नीट चालतात असं नाही.

आता दुकानात जाताना एक गोष्ट लक्षात ठेवून जा, बाकी विसरली तरी चालेल. प्रत्येक क्रोमबुकला अपडेटची शेवटची तारीख असते. गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२१ पासून निघालेल्या मॉडेलांना दहा वर्षं अपडेट मिळतील, पण ही दहा वर्षं तुम्ही पैसे दिले त्या दिवसापासून नाही, ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे आतल्या ज्या मूळ साच्यावर बनलं तो बाजारात आला तेव्हापासून मोजतात. म्हणजे दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला पीस घेतला की तीन वर्षं दुकानदाराच्या फळीवरच गेली. सुरू करायला सांगा, सेटिंगमध्ये 'अबाउट क्रोमओएस' उघडा, तिथं अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या सालापर्यंत मिळेल ते लिहिलेलं असते. पाच-सहा वर्षांहून कमी उरलं असेल तर हात जोडून बाहेर या. "डिस्काउंटमध्ये देतो" म्हणतात ना, तो डिस्काउंट बऱ्याच वेळा ह्याचाच असते.

रॅम शक्यतो आठ जीबीची पाहा, चारमध्ये काम चालते पण ब्राऊजरात पंधरा टॅब उघडले की रडते, आणि नंतर बहुतेक वाढवता येत नाही, बोर्डावरच डकवलेली असते. स्टोरेज ६४ जीबी म्हटलं की कमी वाटते पण फायली ड्राइव्हवर राहणार असल्यानं पुरते. दुरुस्तीचा मुद्दा मात्र आहे. एचपीनं ऑक्टोबर २०२३ पासून चेन्नईजवळ क्रोमबुक बनवणं सुरू केलं, म्हणजे परदेशातली नवलाई राहिली नाही, पण आपल्या तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर अजून विंडोजच दिसते, त्याला क्रोमबुक दिलं की पहिले तो विचारते "ताई, याच्यात विंडोज मारून देऊ का?" नाही म्हणायचं.

प्रश्न : मी जि.प. शाळेत शिक्षक आहे. शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरावी लागते, तेवढ्यासाठी क्रोमबुक पुरेल का? निकाल आम्ही एका एक्सेल फाईलमध्ये करतो, मार्क टाकले की पूर्ण निकालपत्रक आपोआप तयार होतं. (चिखली तालुका)

उत्तर : सर, पोर्टलवरची माहिती भरायला पुरते, यू-डायस प्लस असो की शालार्थ, ब्राऊजरात उघडणारं काम आहे. पण तुमची ती निकालाची जादूची फाईल, तिच्यात बहुतेक मॅक्रो असतील, म्हणजे एक्सेलला आधीच शिकवून ठेवलेली कामं. बटण दाबलं की पत्रक तयार होते ते मॅक्रोमुळे. गूगल शीट्स एक्सेलची फाईल उघडते, बेरीज-टक्केवारीची सूत्रंही चालवते, पण एक्सेलचे मॅक्रो तिथं चालत नाहीत, त्या बटणानं काहीच होत नाही. मायक्रोसॉफ्टचं ब्राऊजरातलं फुकट एक्सेलही ते मॅक्रो चालवत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हे समजण्यापेक्षा आत्ताच समजलेलं बरं.

दुसरं, जुन्या फॉन्टांचं. आपल्याकडे कितीतरी अर्ज, प्रश्नपत्रिका, इतिवृत्तं कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत टाईप करून ठेवलेली आहेत. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीचे, नाहीत, आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा चढवते. क्रोमबुकवर तो फॉन्ट नसते, की चेहरा उतरला, आणि 'मुख्याध्यापक' च्या जागी इंग्रजीचा कचरा दिसते. त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात. मी माझ्या जुन्या चाळीस-पन्नास फायली अशा बदलल्या, दोन रविवार गेले.

नवीन लिहायचं असेल तर उलट मजा आहे, गूगल डॉक्समध्ये मराठीत बोलून टाईप करता येते. वर्गातल्या पंख्याची घरघर नसली तर बरं ऐकते, आपली 'करून राहिलो' मात्र कधीकधी त्याला झेपत नाही. बोलून लिहायला नेट लागते. तुमच्यासाठी सल्ला असा, शाळेतला विंडोज कॉम्प्युटर निकालासाठी राहू द्या, घरी न्यायला-आणायला क्रोमबुक ठेवा. एकच मशीन घ्यायची असेल तर विंडोज.

प्रश्न : आपले सरकार सेवा केंद्र आहे माझं. जुना कॉम्प्युटर लय स्लो झाला, क्रोमबुक घेऊन टाकू का? (आर्वी तालुका)

उत्तर : नका घेऊ, दादा. तुमच्या टेबलावर काय काय जोडलेलं असते ते मोजा. अंगठ्याची मशीन, तिची आरडी सर्व्हिस, म्हणजे अंगठा आधारशी जुळवायला लागणारं सॉफ्टवेअर, बनली विंडोजसाठी आणि अँड्रॉइड फोनसाठी, क्रोमबुकच्या भरवशावर तिला टाकू नका. डिजिटल सहीचं डोंगल, त्याचा ड्रायव्हर आणि सही करायचं सॉफ्टवेअर क्रोमओएसवर बसत नाही. जुना स्कॅनर, तोही बहुतेक ओळखणार नाही. आणि प्रिंटर! तो छोटा पांढरा लेझर प्रिंटर, जो अर्ध्या विदर्भातल्या केंद्रांवर दिसते आणि मरता मरत नाही, तशा जुन्या यूएसबीवाल्या प्रिंटरांपैकी बऱ्याच जणांना क्रोमबुक ओळखच देत नाही. नवीन वाय-फाय प्रिंटर चालतात. आधी गूगलची क्लाउड प्रिंट नावाची सोय होती, तीही २०२० च्या डिसेंबर अखेरीस बंद झाली. बाहेर पंचवीस माणसं उन्हात उभी आणि तुमचा प्रिंटर "डिव्हाइस नॉट फाऊंड" म्हणून राहिला, हे मला तुमच्यावर येऊ द्यायचं नाही. त्या जुन्या कॉम्प्युटरात एसएसडी टाकून पाहा, रॅम वाढवा, नवा घेतल्यासारखा वाटेल.

प्रश्न : फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करतो. कोरल ड्रॉ चालेल का? (दारव्हा)

उत्तर : नाही.

प्रश्न : मॅडम मी पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. आमच्या गावात नेटवर्क म्हणजे शाळेमागच्या टेकरीवर उभं राहिलं तरच, घरी एक काडी येते कधी कधी. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस टॉवरच बंद. मग क्रोमबुक घेण्यात मतलब हाय का? (एटापल्ली तालुका)

उत्तर : मतलब आहे, पण एका अटीवर, तू टेकरीवर गेला की मशीनचं पोट भरून आणायची सवय लावशील तर. शेतकरी पावसाआधी सरपण आत भरून ठेवते ना, तसंच.

काय काय भरायचं ते सांगते. पहिली गोष्ट, मशीन पहिल्यांदा सुरू करताना नेट लागतेच, ते तालुक्यातच करून घे. एकदा अकाउंट चढलं की नंतर नेट नसलं तरी पासवर्ड टाकून उघडते. मग गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'ऑफलाइन' चं बटण सुरू कर, आणि ज्या फायली पाहिजेतच त्यांच्यावर उजवी क्लिक करून 'अवेलेबल ऑफलाइन' कर. ही दुसरी पायरी लोक विसरतात. मी पण विसरली होती, नागपूरला एका कार्यक्रमात बोलायचं होतं, भाषण ड्राइव्हवर, वाटेत एसटीत शेवटचा हात फिरवू म्हटलं तर जंगलाच्या पट्ट्यात नेट नाही, फाईलचं नाव दिसते पण उघडत नाही, दुकान दिसते शटर बंद. तेव्हापासून मी निघायच्या आदल्या रात्री वाय-फाय बंद करून पाहते, काय उघडते आणि काय नाही, तूही एकदा घरी बसून हा प्रयोग कर.

प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ सरळ 'डाऊनलोड्स' मध्ये उतरव, त्या मशीनमध्येच राहतात, नेट असो नसो उघडतात. चालू घडामोडींचे व्हिडिओ यूट्यूबच्या ॲपमध्ये उतरतील तेवढे उतरवून ठेव, ४८० क्वालिटीच्या वर जाऊ नको, तासाभराला साधारण अर्धा जीबी जाते, ७२० लावलं की दीड जीबीचं दिवसाचं पॅकेज दुपारीच संपते. फोनच्या हॉटस्पॉटवर चालवत असशील तर क्रोमबुकच्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क 'मीटर्ड' म्हणून मार्क कर, म्हणजे मशीन आपल्या मनानं डेटा कमी ओढते. अपडेट मोठं असते, ते ग्रामपंचायतीत भारतनेटचं वाय-फाय जिवंत असेल त्या दिवशी उरक.

ड्राइव्हवर जे तू ऑफलाइन लिहिलं ते नेट आलं की आपोआप वर चढते. त्यातही एक पेच, तीच फाईल मित्रानं दुसरीकडे उघडून बदलली असली तर दोघांच्या ओळी एकात एक घुसतात. नोट्स शेअर करत असाल तर प्रत्येकाची फाईल वेगळी ठेवा.

आणि खरं सांगू का, भरतीचाच अभ्यास असेल आणि पैसे जपून वापरायचे असतील तर दोन-चार पुस्तकं आणि तुझा फोन यातही तुझं भागते. लॅपटॉप पुढे ऑनलाइन टेस्टच्या सरावाला, माउस-कीबोर्डची सवय व्हायला कामी येईल. सिम टाकायची सोय असलेले हलके लॅपटॉपही निघाले, जिओबुकचं २०२३ चं मॉडेल ९९० ग्रॅमचं होतं आणि त्यात फोर-जी सिम चालायचं, पण घरात काडीच एक येत असली तर सिम लॅपटॉपमध्ये असो की फोनमध्ये, काडी एकच.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या हिशेबासाठी क्रोमबुक घ्यायचं ठरून राहिलं. गूगलचं अकाउंट माझ्या पुतण्यानं त्याच्या नंबरवर काढून दिलं, तो आता पुण्याला कंपनीत आहे. काही अडचण तर नाही ना? (सचिव, महिला बचत गट, वरुड तालुका)

उत्तर : ताई, आजच्या सगळ्या पत्रांमध्ये मला धडकी भरवली ती तुमच्या पत्रानं. अडचण आहे, आणि ती आजच काढा.

क्रोमबुकमध्ये मशीनची किंमत कमी, अकाउंटची जास्त. माझंच सांगते, दोन वर्षांआधी पावसाळ्यात माझी बॅग एसटीच्या वरच्या फळीवरून खाली आली, स्क्रीन चिरली, मशीन गेली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या क्रोमबुकवर माझं अकाउंट टाकलं, दहा मिनिटांत माझ्या फायली, माझे बुकमार्क, सगळं समोर. उलट एका ओळखीच्या बाईंची मशीन चांगली धडधाकट, पण पासवर्ड विसरल्या आणि ओटीपी जायचा तो नंबर रिचार्ज न केल्यानं बंद झालेला, कंपनीनं तो पुढे दुसऱ्याच कोणाला देऊन टाकला. तीन वर्षांचे हिशेब ड्राइव्हमध्ये, आणि दाराला कुलूप. मशीन घेऊन त्या दुकानात गेल्या, दुकानदार तरी काय करेल, त्यानं पॉवरवॉश मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं, मशीन नवी झाली, हिशेब काही आले नाहीत.

तुमच्या गटाचा ओटीपी पुण्याला जाते. पुतण्या चांगलाच असेल, पण तो मीटिंगमध्ये असताना बँकेचे साहेब तुमच्यासमोर बसलेले असतील त्याचं काय? गटाच्या नावानं वेगळं अकाउंट काढा, त्यात अध्यक्षांचा किंवा तुमचा, जो नंबर कधी बंद पडू द्यायचा नाही तो टाका, रिकव्हरीसाठी दुसऱ्या पदाधिकारी ताईंचा ईमेल टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक खात्री मागणारी सोय, सुरू करा, तिथं गूगल दहा बॅकअप कोड देते, आठ-आठ आकड्यांचे, ते कागदावर उतरवून गटाच्या पेटीत, जिथं पासबुक ठेवता तिथं ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका, फोन हरवला की तेही गेलं. पदाधिकारी बदलले की नंबरही बदला, ठराव लिहिता ना, त्यातच एक ओळ लिहा.

फुकटची जागा १५ जीबी असते, ती ड्राइव्ह, जीमेल आणि गूगल फोटो तिघांत मिळून, आणि अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. म्हणून गटाचं अकाउंट कोणाच्या फोनमध्ये टाकून ठेवू नका, नाहीतर लग्नाचे व्हिडिओ आणि गुड मॉर्निंगची फुलं तुमचे १५ जीबी खाऊन टाकतील, आणि जागा भरली की मेल येणंच बंद होते. दोन वर्षं अकाउंट उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकते, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तुमचा हिशेब महिन्याला होते, तेव्हा ती भीती नाही.

हिशेबाला गूगल शीट्स एकदम छान, फाईल शेअर केली की दोघी-तिघी आपापल्या फोनवरून, आपापल्या अकाउंटनं तोच हिशेब पाहू शकता, कोणी कधी काय बदललं तेही दिसते. भांडणं कमी होतात म्हणे, आमच्या गावच्या गटात तरी झाली.

प्रश्न : मी निवृत्त ग्रामसेवक. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, विंडोज १० चा, आता तो अपडेट येणार नाही असं सारखं दाखवतो. भंगारात द्यायचा का? (कारंजा, जि. वाशीम)

उत्तर : थांबा काका, भंगारवाल्याला इतक्यात बोलावू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमच्या मशीनवर विंडोज ११ बहुतेक चढणार नाही, त्याला लागणारी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप किंवा नवा प्रोसेसर एवढ्या जुन्या लॅपटॉपात बहुतेक नसते. पण गूगलचंच क्रोमओएस फ्लेक्स नावाचं आहे, जुन्या कॉम्प्युटरसाठी, फुकट, २०२२ पासून. ६४-बिटचा इंटेल किंवा एएमडी प्रोसेसर, चार जीबी रॅम आणि १६ जीबी जागा असली की झालं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, क्रोम ब्राऊजरात क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी नावाचं एक्स्टेन्शन मिळते, त्यानं पेनड्राइव्ह तयार होते.

सगळ्यात चांगलं म्हणजे लॅपटॉपमध्ये न बसवता नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. चार दिवस तसंच वापरा, वाय-फाय, आवाज, कॅमेरा चालते का पाहा. पटलं तरच बसवा, आणि बसवायच्या आधी तुमचे सगळे फोटो, कागद, पेन्शनच्या पीडीएफ बाहेर काढून घ्या, कारण बसवताना डिस्क पूर्ण साफ होते, विंडोज आणि हे दोन्ही सोबत राहत नाही. नातवाला हाताशी घ्या पण बटण तुम्हीच दाबा. फ्लेक्समध्ये प्ले स्टोअर नसते, म्हणजे फोनवाली ॲप नाहीत, पेपर वाचणं, मेल, यूट्यूबवर कीर्तन, बँकेची वेबसाईट एवढं असेल तर बिनधास्त.

प्रश्न : आमच्याइकडे उन्हाळ्यात ४६ पर्यंत पारा जाते, घर टिनाचं, लाईन कधी येते कधी जाते. टिकेल का हे? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : बऱ्याच स्वस्त क्रोमबुकला पंखाच नसते. धुळीच्या दिवसात हे चांगलं, आत धूळ ओढायला काही नाही, चक्कीशेजारी राहणाऱ्यांना तर फारच चांगलं. पण मे महिन्याच्या दुपारी टिनाखाली उष्णता बाहेर टाकायलाही काही नसते, मशीन स्वतःच आपली गती कमी करते आणि तुम्हाला वाटते बिघडली. दुपारी गादीवर, उशीवर ठेवून चार्जिंगला लावू नका, बॅटरीचं आयुष्य उन्हानं आणि चार्जिंगच्या गरमीनं मिळून जाते. पाटावर ठेवा, कूलरच्या वाऱ्यात ठेवा पण पाण्याच्या फवाऱ्यात नाही, हे सांगावं लागते म्हणून सांगते.

चार्जर टाईप-सीचा, बहुतेक ४५ वॅटचा. फोनचा छोटा चार्जर लावला तर एकतर चढत नाही नाहीतर रात्रभरात चढते. पीडी लिहिलेली, ४५ वॅट किंवा जास्त देणारी पॉवर बँक असली तर लाईन नसताना कामी येते, साध्या पॉवर बँकेनं होत नाही. लाईन आली-गेलीच्या झटक्यासाठी स्पाइक गार्ड लावा, शंभर-दोनशेत वाचवून ॲडॉप्टर जाळायचा नाही.

प्रश्न : (साडेचार मिनिटांच्या मेसेजमधलं कामाचं तेवढं) बाई, पोट्टीच्या त्या क्रोमबुकवर मले माह्या वावराचा सातबारा काढता येईन का, का तहसीलले चक्कर मारूनच मरा लागते? (देवळी तालुका)

उत्तर : निघते काका, आरामात. महाभूमीच्या वेबसाईटवर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात मिळते, पोट्टीला सांगा, पैसे यूपीआयनं भरते आणि पीडीएफ उतरते, ती पेनड्राइव्हमध्ये घ्या आणि झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्या, घरी प्रिंटर घ्यायच्या भानगडीत पडू नका. फक्त ई-पीक पाहणी या मशीनवर करायला जाऊ नका, ती २०२१ पासून मोबाईलच्या ॲपवरच करायची असते, फोटो आणि जागा दोन्ही लागते, तेव्हा फोन घेऊन वावरातच जावं लागेल, बैलाचे घुंगरू वाजत असले तरी हरकत नाही.